काट्यावरचा जुना कॉम्प्युटर आणि नवा प्रिंटर : अमळनेरजवळच्या एका वजनकाट्याची केस

"भाऊ, वजन दखास, पन कागद निंघत नही." नानांचा फोन एवढाच. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते, आणि अमळनेरहून धरणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या वजनकाट्यापुढे कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग डांबरी रस्त्याला टेकली होती. मी अमळनेरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ऐन सीझनमध्ये काटा अडला म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हातातलं काम तसंच ठेवून निघालो.

काट्याची पावती दिसायला चार इंचांचा कागद, पण शेतकऱ्याचा वर्षभराचा हिशोब त्याच्यावर असतो. भरलेली ट्रॉली आधी काट्यावर येते, मग जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) जाऊन कापूस उतरवते, मग रिकामी परत येते. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ वजन. भाव कितीही ठरलेला असो, पैसे या आकड्यावर मिळतात. नानांकडे पावतीच्या तीन प्रती निघायच्या, मध्ये कार्बन असलेल्या सलग कागदावर: एक शेतकऱ्याला, एक जिनिंगला, एक काट्यावर.

मी पोचलो तेव्हा काट्यावरचा पोरगा पावती पुस्तकात हाताने आकडे लिहीत होता आणि रांग पुढे सरकत होती. ते बरं केलं होतं. मशीन अडलं तरी वजन अडू नये.

तिथे काय काय होतं

केबिनमध्ये पेंटियम ४ चा कॉम्प्युटर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपी बाजारात आलं २००१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढला ८ एप्रिल २०१४ ला. नानांचं मशीन त्यानंतरही रोज सकाळी सुरू होत होतं. त्याच्या पाठीमागून दोन महत्त्वाच्या वायरी निघत होत्या. एक नऊ पिनांची, वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून कॉम१ या सिरियल पोर्टला येणारी. दुसरी पंचवीस पिनांची, एलपीटी१ या पॅरलल पोर्टमधून प्रिंटरकडे जाणारी.

वजनाचा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. धुळ्याच्या एका माणसाने लिहून दिलेला, आणि तो माणूस आता या धंद्यात नाही. "मग कॉम्प्युटरच नवा घ्या की," असं बाहेरून सांगणं सोपं आहे. पण असे १६ बिटचे प्रोग्रॅम आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत, नव्या मशीनला कॉम पोर्ट बहुतेक नसतो, आणि सीझन चालू असताना काट्याचा अख्खा सांगाडा बदलणं म्हणजे बैलगाडी उतारावर असताना चाक काढणं. मी नानांना तेव्हाच सांगितलं, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. प्रिंटरच त्याच्याशी जुळवायचा.

जुना प्रिंटर डॉट मॅट्रिक्स होता, नऊ पिनांचा. त्याच्या हेडची मधली एक पिन मेली होती. एक पिन मेली की प्रत्येक अक्षराच्या मधून एक बारीक पांढरी रेघ आडवी जाते. बाकीची अक्षरं कशीबशी वाचता येतात, पण इंग्रजी आठच्या आकड्याचा कंबरपट्टा नेमका तिथेच असतो. तो गेला की आठाचा शून्य दिसतो. कुणाचं ४८२० किलो पावतीवर ४०२० वाचलं गेलं आणि काट्यावर मोठी बोलाचाली झाली. नानांचा पुतण्या त्याच संध्याकाळी गावातून नवा लेझर प्रिंटर घेऊन आला. हेतू चांगलाच होता.

(अमळनेरकर म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९४५ मध्ये आमच्या गावात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची विप्रो, आणि याच कंपनीने पुढे कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही विकले. या गावाचं आणि प्रिंटरचं नातं असं जुनं आहे.)

चुकलेले तीन रस्ते

नवा प्रिंटर फक्त यूएसबीचा. पुतण्याने दुकानदाराला सांगितलं, आमच्याकडे जुना चपटा पोर्ट आहे. दुकानदाराने एक केबल दिली, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पॅरलल. ही केबल जगात आहे, पण उलट्या कामासाठी: नव्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जुना पॅरलल प्रिंटर जोडायला. तिच्यातली चिप कॉम्प्युटरच्या बाजूने यूएसबी मागते. जुन्या पॅरलल पोर्टमधून यूएसबी प्रिंटरकडे ती काहीच नेत नाही. या एका केबलवर लोकांचे किती पैसे जातात, मी दर वर्षी बघतो. टोकं बसतात म्हणून काम होईल असं वाटतं.

मग त्याने प्रिंटर सरळ मशीनच्या यूएसबीला लावला आणि सीडी घातली. सीडीवरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) विंडोज ७ पासून पुढचा. एक्सपीने नकार दिला. त्याच कंपनीच्या एका जुन्या मॉडेलचा एक्सपी ड्रायव्हर शोधून त्याने तो जबरदस्तीने बसवला, तर प्रिंटर नुसता घरघरला. इथे काहींना वाटतं की जुन्या मशीनचा यूएसबी हळू असतो म्हणून अडतं. तसं नाही. यूएसबी १.१ सुद्धा सेकंदाला १२ मेगाबिट नेतो, आणि चोवीस ओळींची, ऐंशी अक्षरांची पावती म्हणजे जेमतेम दोन हजार अक्षरं.

तिसरा रस्ता माझा. पुतण्याच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं आणि त्यावर प्रिंटर छान चालत होता. म्हटलं, लॅपटॉपवरून प्रिंटर शेअर करू आणि एक्सपीचा एलपीटी१ तिकडे वळवू. दोन्ही मशीन एकमेकांना दिसेनात, कारण एक्सपीला फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याची एकच जुनी पद्धत कळते, एसएमबी १, आणि २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने बसवलं तर ती बंदच असते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून जगभर पसरला होता. मी ती तात्पुरती सुरू केली, लॉगिन जुळवलं, जोडणी झाली. काट्यावरून पावती पाठवली. लॅपटॉपच्या रांगेत ती आली, गेली, आणि प्रिंटर ढिम्म.

माझा अर्धा दिवस गेला तो इथे. वायर बरोबर, जोडणी बरोबर, मजकूर पोचतोय, तरी कागद नाही. लॅपटॉपवरची एसएमबी १ पुन्हा बंद केली आणि बाहेर जाऊन चहा घेतला. तेव्हा जो प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता तो सुचला: या प्रिंटरला स्वतःला काय कळतं?

प्रिंटरची भाषा

डॉसचा प्रोग्रॅम प्रिंटरला चित्र पाठवत नाही. तो अक्षरं पाठवतो, एकामागून एक, आणि मध्ये मध्ये काही खुणा: इथून ठळक, इथून बारीक, इथे ओळ संपली. डॉट मॅट्रिक्सला ही अक्षरं ओळखता येतात, कारण अक्षरांचे साचे त्याच्या पोटात असतात. विंडोजचा ड्रायव्हर या वाटेत येतच नाही. एलपीटी१ वळवला तरी मजकूर कच्चाच पुढे जातो.

आजचे स्वस्त लेझर प्रिंटर बहुतेक वेळा वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यात अक्षरांचे साचे नसतात. पानाचं चित्र तयार करण्याचं सगळं काम कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर फक्त ते चित्र कागदावर उतरवतो. खोक्यावर बारीक अक्षरात ‘होस्ट बेस्ड’ किंवा ‘जीडीआय’ असं लिहिलेलं सापडतं. अशा प्रिंटरला कच्ची अक्षरं पाठवणं म्हणजे मुक्याला टेलिफोन देणं. तुमच्या मशीनसाठी ड्रायव्हर नसेल तर तो तुमच्यासाठी प्रिंटरच नाही.

म्हणून जुन्या मशीनला प्रिंटर घेताना मी आता वायरीच्या आधी खोक्यावरची ‘प्रिंटर लँग्वेज’ किंवा ‘एम्युलेशन’ ही ओळ वाचायला सांगतो. तिथे पीसीएल ५ लिहिलेलं असेल तर बरंच काम झालं. पीसीएल ही एचपीची भाषा, पण इतर कंपन्यांचे प्रिंटरही ती बोलतात, आणि साधी अक्षरं तिला थेट कळतात. ब्रदरच्या काही लेझर प्रिंटरमध्ये तर एप्सन एफएक्स-८५० या डॉट मॅट्रिक्सची नक्कलही दिलेली असते. तसा मिळाला तर डॉसवाल्यांनी डोळे झाकून घ्यावा. आम्हाला त्या दिवशी गावात मिळाला तो पीसीएलचा आणि नेटवर्क पोर्ट असलेला. दुकानदाराने खोकं उघडलेलं असूनही थोडे पैसे कापून पहिला प्रिंटर परत घेतला, याबद्दल त्याला चांगलं म्हटलं पाहिजे.

बसवणं

सगळ्यात आधी हार्ड डिस्कची पूर्ण प्रत. इतक्या जुन्या डिस्कवर काहीही करण्याआधी हे केलं नाही तर पुढचं काही करू नये.

मग पाच तोंडांचा छोटा नेटवर्क स्विच, एक वायर कॉम्प्युटरला, एक प्रिंटरला. दोघांना पक्के आयपी पत्ते दिले आणि एक्सपीच्या गेटवेचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला, म्हणजे हे मशीन इंटरनेटला जाणारच नाही. एक्सपीत ‘लोकल प्रिंटर’ निवडून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार केला, आणि ड्रायव्हर म्हणून एक्सपीच्या स्वतःच्या यादीतला एचपी लेझरजेट ४ घेतला. सीडी नको, डाउनलोड नको. चाचणीचं पान पहिल्याच फटक्यात आलं.

त्यानंतर हा प्रिंटर ‘काटा’ या छोट्या नावाने शेअर केला (जुन्या प्रोग्रॅमसाठी नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता) आणि ‘नेट यूज’ या आदेशाने एलपीटी१ त्याच्याकडे वळवला, कायमचा. इथे ‘सिस्टिम एरर ५’ आला, म्हणजे परवानगी नाही. कारण पोराचं लॉगिन साधं होतं आणि मशीनला खराखुरा एलपीटी१ होता. डिव्हाइस मॅनेजरमधून तो खरा पोर्ट बंद केला, तेव्हा वळण बसलं.

रात्री नऊला रांग संपली. नानांची पिकअप आधी पोती टाकून, मग रिकामी काट्यावर घेतली आणि पावती सोडली.

अर्धी पावती

आधी पंधरा सेकंद काहीच नाही. मग कागद आला. त्यावर नाव, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. निव्वळ वजनाची ओळच नाही. प्रिंटरवरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता, म्हणजे पोटात अजून काहीतरी होतं. पुन्हा एक पावती सोडली. दुसऱ्या कागदावर सगळ्यात वर पहिल्या पावतीचं निव्वळ वजन आणि त्याच्या खाली दुसऱ्या पावतीचं डोकं.

मला घाम फुटला. कागद न निघणं परवडतं. एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर जाणं परवडत नाही. नानांनी तो कागद हातात घेतला, त्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत.

पंधरा सेकंदांचं कारण सोपं निघालं. डॉसचा प्रोग्रॅम "माझं संपलं" असं सांगत नाही, म्हणून एक्सपी पंधरा सेकंद वाट बघून मग मजकूर पुढे सोडतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, त्याची ‘एलपीटी टाइमआउट’ नावाची नोंद आहे, ती पंधराची तीन केली.

पावती तुटण्याचं कारण शोधायला मध्यरात्र झाली. एप्सनच्या भाषेत ‘एस्केप’ आणि त्यामागे मोठा ई, म्हणजे २७ आणि ६९ हे आकडे, याचा अर्थ ‘इथून ठळक’. निव्वळ वजन ठळक छापायचं म्हणून प्रोग्रॅम त्या ओळीच्या आधी तेच पाठवत होता. पीसीएलमध्ये नेमके हेच दोन आकडे म्हणजे ‘प्रिंटर रीसेट’: हातातलं पान बाहेर टाक आणि नव्याने सुरू कर. एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. पावतीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आली की प्रिंटर पान फेकून देत होता.

धुळ्याच्या त्या माणसाचे मनापासून आभार. त्याने हे कोड प्रोग्रॅमच्या आत गाडले नव्हते, एका वेगळ्या साध्या फाइलमध्ये ठेवले होते. ‘ठळक सुरू’ पुढचे २७ ६९ काढून पीसीएलमधले २७ ४० ११५ ५१ ६६ लिहिले, ‘ठळक बंद’ला २७ ४० ११५ ४८ ६६. ‘शेवट’ हा रकाना रिकामा होता, कारण सलग कागदावर पान संपवायची गरजच नसते, चोवीस ओळी झाल्या की पुढची पावती. लेझरला पान बाहेर टाक असं सांगावं लागतं, म्हणून तिथे १२. आणि ‘सुरुवात’मध्ये तोच रीसेट, २७ ६९, मुद्दाम टाकला, म्हणजे मागचं पोटात काही राहिलं असेल तर ते नव्या पावतीच्या आधी वेगळ्या कागदावर निघेल. त्याच्याच पुढे तीन प्रतींसाठी २७ ३८ १०८ ५१ ८८.

कोड असे हाताशी नसते तर एप्सनची भाषा पकडून विंडोजच्या छपाईत बदलणारा डॉसपीआरएनसारखा एखादा प्रोग्रॅम मध्ये बसवावा लागला असता.

आता पावती एका कागदावर आली, पण निव्वळ वजन १४ किलो. पडद्यावर १४६०. शेवटचे दोन आकडे कुठे गेले? सकाळी हीच पावती हातात पडली असती तर शेतकऱ्याने विचारलंच असतं, "बाकीनं वजन कथा गयं?" (बाकीचं वजन कुठे गेलं?) डॉट मॅट्रिक्स एका ओळीत ऐंशी अक्षरं बसवतो आणि प्रोग्रॅमने निव्वळ वजन उजव्या कडेला, अगदी ऐंशीव्या घरापर्यंत नेलेलं. पीसीएल प्रिंटर ए४ कागदावर नेहमीच्या अक्षरात अठ्ठ्याहत्तरच अक्षरं छापतो. उरलेली दोन तो खालच्या ओळीत नेत नाही, गाळून टाकतो. बऱ्याच प्रिंटरच्या पीसीएल मेनूत यासाठी ‘वाइड ए४’ नावाची सोय असते. ती ‘नाही’ची ‘हो’ केली आणि ऐंशीच्या ऐंशी अक्षरं आली.

त्या रात्री आम्ही वीस पावत्या काढल्या. पोरगा इंडिकेटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मी पडद्यावरचा, नाना कागदावरचा. तीनही जुळले तरच पुढची.

पुढे काय झालं

दिवाळीचा सीझन याच जोडणीवर निघाला. पण हा प्रिंटर काट्याच्या केबिनसाठी योग्य होता असं मी म्हणणार नाही. एका वजनाला तीन ए४ कागद, वरच्या तिसऱ्या भागात छपाई आणि खाली सगळं कोरं. त्याहून मोठी गोष्ट कार्बनची. कार्बनच्या तीन प्रती एकाच ठोक्यात उमटतात, त्यामुळे एकीवर एक आणि दुसरीवर दुसरा आकडा असूच शकत नाही, आणि हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. लेझरच्या तीन प्रती वेगवेगळ्या निघतात. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी तीनही कागद एकावर एक धरून उजेडात बघितले. बघायलाच पाहिजेत. नानांनी स्वतःहून प्रत्येक प्रतीवर सही आणि अनुक्रमांक सुरू केला.

आणि कापसाची तूस. महिन्याभराने प्रिंटरचं झाकण उघडलं तर कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर पांढरी लव चढली होती, बोटाने काढली तर वातीसारखी वळली गेली. कागद दोन-दोन ओढले जात होते ते त्यामुळे.

आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) काटा चार दिवस निवांत झाला तेव्हा आम्ही नवा डॉट मॅट्रिक्स घेतला, एप्सनचा एलएक्स-३१०. त्याला यूएसबी, सिरियल आणि पॅरलल, तीनही पोर्ट आहेत, आणि तो प्रोग्रॅमची मूळ भाषा बोलतो. जुनी पंचवीस पिनांची वायर तशीच लावली, एलपीटी१ पुन्हा सुरू केला, वळण काढलं, कोडची जुनी फाइल परत ठेवली. दहा मिनिटांचं काम. लेझर आता नानांच्या घरी ऑफिसात आहे, महिन्याचा हिशोब छापायला. कोडच्या दोन्ही फाइल मी एका पेन ड्राइव्हवर घालून काट्याच्या कपाटात ठेवल्या आहेत, वर चिठ्ठी चिकटवून: एकीवर ‘डॉट’, दुसरीवर ‘लेझर’.